बायॉस अपडेटनंतर काळा पडदा: फॉरमॅट मारण्याआधी

लॅमिंग्टन रोड, नेहरू प्लेस, एस. पी. रोड, रिची स्ट्रीट. बाजार कुठलाही असो, एकेक भाग निवडून स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडणाऱ्यांसाठी आजचं हे बोलणं आहे. बायॉस अपडेट केला आणि मशीन सुरूच होईना, तर काय करायचं? आणि त्याहून महत्त्वाचं, काय करायचं नाही?

आधी एक गोष्ट पक्की समजून घेऊ. बायॉस मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये असतो. तुमच्या फाइली एसएसडीवर किंवा हार्ड डिस्कवर असतात. अपडेट चिपवर लिहिला जातो, डिस्कवरच्या फाइलींना हात लावत नाही. म्हणजे पडदा काळा झाला तरी तुमचा डेटा जागच्या जागी असतो. तो जातो नंतरच्या घाईगडबडीत.

मग मशीन अडतं कशामुळे? अपडेटबरोबर बहुतेक बोर्डांवर आपण केलेली सेटिंग पुसली जातात आणि कंपनीची मूळ सेटिंग येतात. रॅमचा वेग, बूटचा क्रम, डिस्कचा मोड, सगळं मशीन विसरतं. आपल्याला फक्त ते क्रमाने परत लावायचं असतं.

पहिली पायरी, थांबा. डीडीआर-५ रॅमच्या मशीनमध्ये, विशेषतः एएमडीच्या एएम-५ बोर्डांवर, अपडेटनंतर रॅमची जुळणी नव्याने होते. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. पंखे फिरत राहतात, पडदा काळा असतो, आणि हे काही मिनिटं चालतं. रॅम जास्त असेल तर आणखी. मी मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावतो आणि चहाचं आधण ठेवतो. मध्येच पॉवरचं बटण दाबलं तर सगळं पहिल्यापासून.

दुसरी पायरी, दिवे बघा. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहिला, तिथे काम अडलंय. डीरॅमचा असेल तर वीज पूर्ण बंद करा, रॅमच्या पट्ट्या काढा आणि एकच परत लावा. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. व्हीजीएचा असेल तर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे ना, ते बघा. कार्ड फार जुनं असेल, तर सीएसएम हे सेटिंग बंद झाल्यामुळेही चित्र येत नाही. बूटचा दिवा असेल तर बायॉसमध्ये जाऊन डिस्क यादीत दिसते का ते पाहा. दिसत असेल तर क्रम बदलला असेल, किंवा विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल आणि सीएसएम बंद झालं असेल. दिसत नसेल तर इंटेलच्या बोर्डांवर व्हीएमडी किंवा रेड मोड बदललाय का ते तपासा. जे आधी होतं, तेच परत लावा.

तिसरी पायरी सगळ्यात नाजूक आहे. माझी मामेबहीण भोपाळला पीएचडी करते. तीन वर्षांच्या मुलाखतींची रेकॉर्डिंग तिच्या मशीनमध्ये. तिचा रात्री फोन आला, "दादा, दुकानवाला म्हणतोय फॉरमॅट मारावं लागेल." मी म्हटलं, आधी पडद्यावर काय लिहिलंय ते दाखव. एएमडीच्या बोर्डांवर अपडेटनंतर येतो तोच संदेश होता: एफटीपीएमची रचना बदलली आहे, वाय दाबा किंवा एन दाबा. टीपीएममध्ये डिस्कच्या कुलुपाची किल्ली असते. वाय दाबलं की ती पुसली जाते. एन दाबलं तर जुनी नोंद तशीच राहते. आम्ही एन दाबलं. मग बिटलॉकरने निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. ती तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती. तिने मोबाइलवर उघडून सहा-सहा अंकांचे आठ गट टाकले आणि विंडोज उघडलं. आधी रेकॉर्डिंग दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवली. दुसऱ्या दिवशी, ती की हाताशी ठेवून, वाय दाबलं. फॉरमॅट मारलं असतं तर मशीन तासाभरात सुरू झालं असतं, पण मुलाखती गेल्या असत्या.

विंडोज ११ च्या अनेक मशीनवर हे कुलूप आपोआप लागलेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. म्हणून आजच आपल्या खात्यात बघा, आणि की कागदावर लिहून ठेवा.

एवढं करूनही काही हललं नाही, तर वीज काढून बोर्डावरची सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बटण बॅटरी पाचेक मिनिटं बाहेर ठेवा. त्याने बायॉसची सेटिंग कोरी होतात. त्यानंतरचा उपाय म्हणजे बोर्डामागचं फ्लॅशबॅकचं बटण, असेल तर. फॅट-३२ केलेल्या पेनड्राइव्हवर, माहितीपुस्तिकेत दिलेल्या नावाने बायॉसची फाइल ठेवली की पडद्याशिवायही ती परत लिहिता येते.

मग अपडेट करायचाच नाही का? कारण असेल तर जरूर करा. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी जादा व्होल्टेजला आवर घालणारा मायक्रोकोड आला, तो बायॉस अपडेटमधूनच घ्यायचा होता. टाळला असता तर प्रोसेसरच झिजण्याचा धोका होता. फक्त त्याआधी बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, बिटलॉकर थोड्या वेळापुरतं स्थगित करा, आणि मशीन यूपीएसवर ठेवा. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो.

आणि दुकानात न्यायचीच वेळ आली, तर जाण्याआधी एसएसडी काढून घरी कपाटात ठेवा. बायॉस दुरुस्त करायला ती लागत नाही.