किती आले, किती राहिले?



साकोली वा लाखांदूर तालुक्यातील एखाद्या शाळेत पाठ्यपुस्तकाची फाईल उतरविली जात आहे. जाळे मंद आहे आणि वर्ग वाट पाहत आहे. पडद्यावर कसलीच हालचाल नसेल, तर काम चालू आहे की खोळंबले, हे शिक्षकास कळत नाही. पुन्हा कळ दाबली की तीच फाईल दुसऱ्यांदा उतरू लागते व वेग अधिकच घटतो. वाट पाहणाऱ्यास प्रगतीची पट्टी हवीशी वाटते, असे ब्रॅड मायर्स यांच्या 1985 सालच्या अभ्यासातही दिसून आले.

ब्राउझर स्वतः फाईल उतरवितो, तेव्हा प्रगती तोच दाखवितो. परंतु पानातील स्क्रिप्टने फाईल मागविली, तर ती जबाबदारी स्क्रिप्टची असते. सर्व्हर आरंभीच 'कंटेंट-लेंग्थ' या मथळ्याखाली एकूण बाइटांची संख्या कळवितो व मग फाईल तुकड्यातुकड्यांनी येते. स्क्रिप्ट प्रत्येक तुकड्याचे बाइट मोजून बेरीज करते, तिला एकूण संख्येने भागते व शंभराने गुणते. 40,00,000 बाइटांपैकी 10,00,000 आले, म्हणजे शेकडा 25. वर्गात शिकविली जाणारी शेकडेवारी ती हीच.

मात्र कित्येकदा सर्व्हर एकूण संख्या कळवीतच नाही. गोसीखुर्दच्या जलाशयात किती पाणी आले हे मोजता येईल. पण त्याची क्षमता ठाऊक असल्याखेरीज तो शेकडा किती भरला, हे सांगता येणार नाही. दुसरी अडचण अशी की, फाईल संकुचित करून धाडली असता कळविलेली संख्या संकुचित बाइटांची असते, तर स्क्रिप्ट बहुधा उलगडलेले बाइट मोजते. एकूण माप तांदळाचे सांगावे आणि मोजणी धानाची करावी, तसा हा प्रकार! मग आकडा शंभराच्याही पुढे जातो.

अशा वेळी केवळ घड्याळाच्या आधाराने पट्टी पुढे सरकविणे म्हणजे वाट पाहणाऱ्याची फसवणूक होय. त्यापेक्षा आतापर्यंत किती बाइट आले तेवढेच दाखवावे व काम चालू असल्याची खूण ठेवावी. आकडा वाढत असेल तर शिक्षकाने धीर धरावा; बराच वेळ थांबला असेल तर पाठ फळ्यावर सुरू करावा. विद्यार्थ्यांकडून हाच हिशेब करवून घेतला, तर छेदावाचून शेकडेवारी नाही, हे त्यांच्या मनावर कायमचे ठसेल.