शांतता राखा!
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)

अस्सलामु अलैकुम.

हा सलाम आपण दिवसातून कितीदा तरी करतो. त्यात समोरच्याला शांती लाभो, अशी दुआ असते. पण ही शांती मुलांना कशी समजते? त्याबद्दलचा माझा एक अनुभव आपल्यापुढे ठेवतो.

मी सातवीच्या वर्गाला ‘शांतता’ या विषयावर चार ओळी लिहून चित्र काढायला सांगितले. बहुतेक वह्यांत पांढरे कबूतर उतरले. एकाने मात्र लिहिले, ‘सर टेबलावर डस्टर आपटतात तेव्हा वर्गात होते ती शांतता.’ मी आधी हसलो, मग ओशाळलो. आपल्या शाळांत ‘शांतता राखा’ अशा पाट्या असतात. गप्प बसणे म्हणजेच शांतता, हे आम्हीच मुलांना शिकवले होते.

एका मुलीने शेजारी शेजारी दोन घरे आणि मधले बंद दार काढले होते. खाली लिहिले होते, ‘चाचांकडचे दार ईदला उघडले तर शांतता.’ चित्र मला फार आवडले आणि मी ते प्रदर्शनात लावले. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. म्हणाले, “सर, आमच्या घरातली गोष्ट भिंतीवर कशाला?” त्यांचे म्हणणे खरे होते. मी मुलीला विचारलेसुद्धा नव्हते. चित्र उतरवून तिच्या हाती दिले आणि दोघांची माफी मागितली. ते दार उघडले की नाही, मी कधी विचारले नाही. पण मुलीच्या मनात काय सलते, हे वडिलांना त्या चित्रामुळे कळले.

या संदर्भात एका शिक्षिकेची आठवण होते. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या व्हिएन्नात जन्मलेल्या चित्रकार. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी हजारो ज्यू कुटुंबांना टेरेझिन या गावी कोंडले होते. हे गाव आजच्या चेक प्रजासत्ताकात आहे. डिसेंबर १९४२ मध्ये फ्रीडलबाईंनाही तेथे नेण्यात आले. भूक, रोगराई आणि भीती यांच्या सावलीत त्यांनी मुलांना चित्रकला शिकवली. मिळेल त्या कागदावर मुलांनी घरे, फुले, माणसे काढली. प्रत्येकाने चित्रावर आपले नाव घालावे, असा बाईंचा आग्रह असे. १९४४ मध्ये ऑश्विट्झच्या छावणीत त्यांची हत्या झाली. त्यांची बरीचशी मुलेही वाचली नाहीत. पण मागे ठेवलेल्या दोन सुटकेसमधून सुमारे साडेचार हजार चित्रे जगापुढे आली. चित्रांनी युद्ध थांबले नाही, हे खरे. परंतु ज्या मुलांना नुसता क्रमांक करून टाकले होते, त्यांना बाईंनी त्यांचे नाव परत दिले.

पालकहो, आपल्याला करण्यासारखे फार अवघड नाही. मुलाला कोरा कागद द्या. ‘हे काय काढलेस?’ असे दरडावू नका, ‘याबद्दल मला सांग’ म्हणा. शुद्धलेखन नंतर तपासता येते. चित्र सुंदर व्हावे म्हणून स्वतःचा हात फिरवू नका. आणि माझी चूक करू नका. चार जणांना दाखवण्याआधी मुलाला विचारा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही एक अभ्यास आहे. मित्राशी भांडण झाले की ते वहीत लिहून काढा. मग पान उलटा आणि तेच भांडण त्याच्या बाजूने, ‘मी’ म्हणून लिहा. माझ्या वर्गात हे दुसरे पान लिहिताना मुलांची पेन्सिल बराच वेळ थांबते. माझ्या मते शांतीचा धडा तेथेच सुरू होतो.

मी अजूनही कधीकधी डस्टर आपटतो. सवय लवकर जात नाही. पण वर्ग गप्प झाला की आता त्या मुलाची ओळ आठवते आणि मी विचारतो, “कुणाला काही सांगायचे आहे का?”