परतीची गाडी किती वाजता?

फिरायला जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘बरोबर कोण?’ कुठं जाणार, काय पाहणार, हे नंतर. जाणारी बाई असेल, पन्नाशी ओलांडलेली असेल, तर लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘एकटीच? कशाला?’ हा ‘कशाला’ फार चिवट असतो. त्याच्याशी वाद घालून काही उपयोग होत नाही. मी वेगळा उपाय केला. दोनशे पानी वही घेतली आणि प्रवासाची आखणी लिहून काढली. आज त्या आखणीबद्दलच बोलणार आहे.

मी सोलापूरची. मला वेरूळ आणि अजिंठा पाहायचं होतं, एसटीनं आणि एकटीनं. शाळेच्या सहली गेल्या तेव्हा राहून गेलं, पुढं संसारात राहून गेलं. मुलगा म्हणाला, “अम्मी, गाडी करून देतो. ड्रायव्हर ओळखीचा आहे, भराभर सगळं दाखवून आणेल.” त्याच्या बोलण्यात मायाच होती. पण भाड्याच्या गाडीत बसलं की ड्रायव्हरच्या घड्याळानं पाहावं लागतं. एखाद्या चित्रासमोर मला अर्धा तास उभं राहावंसं वाटलं, तर बाहेर कुणी ताटकळत बसलेलं नसावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

एसटीला पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, या मार्गावर १ जून १९४८ रोजी सुरुवात झाली. तेव्हापासून ज्यांच्या दारात गाडी नाही, त्यांची गाडी हीच. पण ती आपल्यासाठी थांबत नाही. तिच्या वेळा आपण सांभाळायच्या असतात. म्हणून आखणी.

पहिली गोष्ट, आखणी शेवटाकडून करावी. आपण चौकशीच्या खिडकीवर विचारतो, “जायला गाडी किती वाजता?” एकट्यानं जाणाऱ्यानं आधी विचारावं, “यायला शेवटची गाडी किती वाजता?” मग मागं मागं येत दिवस मांडावा. स्टँडच्या पाटीवर संध्याकाळची उशिराची गाडी दिसते. ती पुष्कळदा मुक्कामी असते, म्हणजे गावात जाऊन रात्री तिथंच थांबते आणि सकाळी परत फिरते. जायला ती सोयीची, त्याच दिवशी यायला नाही. हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि शेवटच्या गाडीवर कधी भिस्त ठेवू नये. तिच्या आधीची गाडी आपली, शेवटची राखीव.

वेरूळचं कैलास लेणं कारागिरांनी वरून खाली कोरत आणलं. आधी शिखर, मग खांब, शेवटी तळ. काढलेला दगड परत लावता येत नाही. तेव्हा पहिला घाव घालण्याआधी शेवट डोळ्यांसमोर असणार. पाच दिवसांच्या प्रवासाची त्याच्याशी काय बरोबरी? पण रीत तीच.

दुसरी गोष्ट वारांची. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. एवढं एक ध्यानात ठेवलं तरी फेरा वाचतो. रविवारी गर्दी, म्हणून मी तोही टाळला. मंगळवारी सकाळी सोलापुरातून निघायचं. तुळजापूर, धाराशिव, बीड या रस्त्यानं तीनशे किलोमीटरच्या पुढचा प्रवास आहे, सात-आठ तास धरायचे. बुधवारी दौलताबाद आणि वेरूळ, गुरुवारी अजिंठा, शुक्रवारी खुलताबाद आणि शहर, शनिवारी परत. छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृत झालं २०२३ मध्ये. लोकांच्या बोलण्यात औरंगाबादही येतं. रस्ता विचारताना दोन्ही नावं कानाला सवयीची असावीत.

तिसरी गोष्ट उन्हाची. दौलताबादचा किल्ला म्हणजे यादवांची देवगिरी. मुहम्मद तुघलकानं १३२७ साली दिल्लीहून राजधानी हलवली ती इथंच. ही चढण सकाळच्या गारव्यातच करावी. वेरूळची ३४ लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यांच्यात ऊन येतं ते दुपारनंतर. म्हणजे सकाळी किल्ला, दुपारी लेणी. दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत, तेव्हा क्रम आपोआप लागला. किल्ल्यातल्या अंधारी वाटेत मी एकटी शिरले नाही. एक शाळेची सहल आली होती, तिच्या मागून गेले. एकट्यानं प्रवास करायचा म्हणजे माणसं टाळायची, असं थोडंच आहे?

अजिंठ्याला जाताना एक काळजी घ्यावी. अजिंठा नावाचं गाव लेण्यांच्या बरंच आधी लागतं, घाटाच्या अलीकडे. कंडक्टरला नुसतं ‘अजिंठा’ न म्हणता ‘लेणी’ म्हणावं. तो फर्दापूरजवळच्या टी-पॉइंटवर उतरवतो. तिथून सुमारे चार किलोमीटर लेण्यांपर्यंत वेगळ्या बसनं जायचं. त्या रांगेचा वेळही हिशेबात धरावा. खानदेशातून येणाऱ्यांना जळगाव जवळ, साधारण साठ किलोमीटर.

चौथी गोष्ट मुक्कामाची, आणि ही सगळ्यात अवघड गेली. मी सोलापुरातूनच लॉजना फोन केले. पहिल्या ठिकाणी भाडं ठरलं, मग विचारलं, “किती माणसं?” मी म्हटलं, “एकटीच.” पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, एकट्या लेडीजना आम्ही रूम देत नाही.” कुठला नियम, असं विचारलं, तर म्हणाले, “नियम नाही, पण देत नाही.” दुसऱ्या ठिकाणी तेच. तिसऱ्या ठिकाणच्या म्हाताऱ्या मॅनेजरनी फक्त एवढं विचारलं, “ताई, किती वाजेपर्यंत पोचाल?” मी वहीत त्या लॉजपुढं फुली नाही, फूल काढलं. बायांनो, हे फोन निघण्याआधीच करावेत. हातात पिशवी, बाहेर अंधार आणि समोर ‘देत नाही’ म्हणणारा माणूस, अशी वेळ आपल्यावर येऊ देऊ नये.

पाचवी गोष्ट पैशांची. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. चार आणि सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही मिळतो. दोन्हींचा हिशेब मांडून पाहिला, तर मला अर्धं तिकीटच स्वस्त पडत होतं. एखाद्या पुरुषाला, जास्त गावं करायची असतील, तर पास परवडेल. ज्याचा त्यानं मांडावा.

हे सगळं वहीत उतरलं. कोणती गाडी, किती वाजता, ती चुकली तर कोणती, कोणत्या लॉजवर, तिथला नंबर काय. त्या पानाची नक्कल करून मी मुलाच्या हातात दिली. त्याला सांगितलं, “हा परवानगीचा अर्ज नाही हं, ही माहिती आहे.” त्यानं शांतपणे वाचलं. मिस्टरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि विचारलं, “मंगळवारची गाडी सकाळी किती वाजताची?” बघा, ‘कशाला’चं ‘किती वाजता’ झालं होतं. वाद घालून जे झालं नसतं ते एका कागदानं केलं. घरच्यांच्या भीतीलाही काहीतरी ठोस हवं असतं. ते दिलं की ती आवरते.

आखणीत मी एक जागा मुद्दाम कोरी ठेवली होती, रोज दोन तास. वेरूळला त्या दोन तासांत मी कैलासाच्या भिंतीपाशी नुसती बसले. अजिंठ्यात पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर तीनदा जाऊन आले. आत उजेड मंद असतो, डोळे सरावायला वेळ लागतो. पहिल्यांदा रंग दिसला, दुसऱ्यांदा हातातलं कमळ, तिसऱ्यांदा ती झुकलेली नजर. खुलताबादला औरंगजेबाची साधी कबर पाहिली, मलिक अंबरचा मकबरा पाहिला, आणि त्याच गावात निद्रिस्त भद्रा मारुतीही. कुणी ‘चला, उशीर झाला’ म्हणालं नाही.

अजिंठ्याहून परतताना शेजारी सिल्लोडची एक बाई बसली होती. विचारलं, “कुणाकडं गेल्ता?” मी म्हटलं, “कुणाकडं नाही, लेणी पाहायला.” “एकल्याच?” “हो.” ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “माझं माहेर फर्दापूरच्या पल्याड. वीस-बावीस वर्सं झाली या रोडनं येणं-जाणं करते. गाडी फाट्यावर थांबती, लोक उतरत्यात. म्या कधी उतरलेच न्हाई.”

मी वहीतलं एक पान फाडलं. त्यावर लिहून दिलं, सोमवारी बंद, बाकी रोज चालू, फाट्यापासून दुसरी बस, परतीच्या गाडीची चौकशी आधी करावी. तिनं ते घडी घालून पाकिटात ठेवलं. सिल्लोड आलं. उतरता उतरता म्हणाली, “सोमवारी बंद ना? मंग दिवाळीला माहेरी जाताना मंगळवारी जाते.”