हृदयाची झडप आणि हातातले काम
(वसमत येथे आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय हृदयाच्या झडपेचा आहे. बोलताना आपण जिला व्हॉल्व्ह म्हणतो, तीच ही झडप. हृदयात अशा चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही, एवढेच त्यांचे काम. ५ ते १५ वर्षांच्या वयात मुलाचा घसा दुखतो, पुढे ताप येतो, सांधे सुजतात. यालाच ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. सांधे बरे होतात, पण झडप आतून जाड होत जाते आणि ऐन तारुण्यात दम लागू लागतो. दाटीच्या वस्तीत आणि लहान घरांत हा रोग अधिक पसरतो. म्हणजे ज्यांचे पोट हातावर आहे, त्यांच्याच घरी तो प्रथम येतो.

झडप बदलावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले की आपला माणूस विचारतो, "साहेब, मी पुन्हा कामाला जाईन का?" प्रश्न रास्त आहे. परंतु "कोणती झडप बसवायची?" असे डॉक्टरांनी विचारले की तोच माणूस म्हणतो, "तुम्हाला योग्य वाटेल ती बसवा." माझे म्हणणे असे की, हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. झडप निवडताना आपले काम काय, हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

कृत्रिम झडपेवर माणूस काम करू शकतो, हे जुन्या काळापासून सिद्ध आहे. सप्टेंबर १९६० मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड शहरात डॉ. अल्बर्ट स्टार यांनी अभियंता लोवेल एडवर्ड्स यांच्यासह तयार केलेली झडप ट्रक कंपनीत नोकरी करणाऱ्या ५२ वर्षांच्या गृहस्थाला बसवली. तो पुढे सुमारे दहा वर्षे जगला आणि गेला तो घर रंगवताना शिडीवरून पडून! आपल्या देशात परदेशी झडप गरिबाला परवडत नव्हती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी झडप तयार करण्याचे काम हाती घेतले. पहिले नमुने फसले, तरी त्यांनी काम सोडले नाही. डिसेंबर १९९० मध्ये चित्रा झडप प्रथम रुग्णाला बसवली गेली. आजवर ती एक लाखाहून अधिक रुग्णांना बसवली गेली आहे. डॉ. वलियाथन २०२४ साली निवर्तले.

आता निवडीकडे वळू. झडपा मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिली यांत्रिक, म्हणजे धातू, कार्बन वगैरेंची. ती सहसा झिजत नाही, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन किंवा असेनोकौमारॉल ही गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आय.एन.आर. नावाची रक्ततपासणी नियमित करावी लागते. दुसरी टिश्यू झडप, बैलाच्या हृदयावरील आवरणाची किंवा डुकराच्या झडपेची. तिला बहुधा जन्मभर ती गोळी लागत नाही, पण ती साधारण १० ते १५ वर्षांत खराब होते, तरुण वयात त्याहून लवकर. मग दुसरी शस्त्रक्रिया येते. म्हणून ५० च्या आतील रुग्णाला सामान्यतः यांत्रिक आणि ६५ च्या पुढे टिश्यू सुचवतात. मधल्या वयात विचाराने ठरवायचे. शक्य असेल तेथे मूळ झडपेची दुरुस्ती किंवा अरुंद झडप फुग्याने रुंद करणे होईल का, हे आधी विचारावे.

समजा, मोंढ्यात हळदीची पोती उचलणारा ३५ वर्षांचा भाऊ आहे. जखम भरल्यावर आणि हृदयाची ताकद चांगली असल्यास चालणे, सायकल, शेतकाम दोन्ही झडपांवर होते. किती वजन उचलायचे, हे इको तपासणी पाहून डॉक्टर ठरवतील. पण यांत्रिक झडप असेल तर कोयत्याचा घाव किंवा डोक्याला लागलेला मार धोक्याचा. कुस्ती, कबड्डी सोडावी लागते. आता ऊसतोडीला जाणारी २३ वर्षांची बहीण घ्या. तिला मूल हवे आहे. वॉरफेरिनने गर्भाला अपाय होऊ शकतो. शिवाय फडावर सहा महिने राहिल्यावर तपासणी कोठे करणार? तिने टिश्यू झडप निवडली तर दुसऱ्या शस्त्रक्रियेची तयारी ठेवूनच निवडावी. यात सासू किंवा नवरा एकट्याने निर्णय देऊ नये. देह तिचा आहे. तिला समोर बसवून समजावले पाहिजे.

शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकतो. तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये करण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला. परंतु नंतरच्या गोळ्या, तपासण्या आणि नांदेडच्या गाडीभाड्याचा हिशेब आधीच मांडावा. फुकट बसलेली झडप गोळी चुकल्याने बंद पडली, तर जीव जातो.

म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. छातीचे हाड जुळेपर्यंत, साधारण तीन महिने, जड ओझे उचलू नये. गोळी रोज एकाच वेळी घ्यावी. अंग दुखते म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणू नये, त्याने रक्तस्राव होतो. पालेभाजी सोडू नये, पण प्रमाण सारखे ठेवावे. भाजीतली हळद चालते. हळदीचा अर्क वा गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. तपासणी न लागणाऱ्या नव्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांत्रिक झडपेला चालत नाहीत, हे कोणी सुचवले तरी लक्षात ठेवा. दात काढण्यापूर्वी झडपेची माहिती द्यावी. पेनिसिलिनची इंजेक्शने झडप बदलली म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. अचानक दम, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, झडपेचा टिकटिक आवाज बंद होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच क्षणी मोठा दवाखाना गाठावा.

आपल्या प्रत्येक वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी अशा रुग्णांची तपासणीची तारीख वहीत लिहून ठेवावी आणि त्या दिवशी सोबत जावे. शस्त्रक्रियेला वर्गणी देणारे पुष्कळ भेटतात. महिन्याच्या महिन्याला आठवण देणारा मात्र भेटत नाही. तो आपण व्हावे, एवढी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.

जय भीम.