ऑफिस टाइमची फुलं

चिनी गुलाबाला आमच्या गल्लीत ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. ऊन चढलं, माणसं कामाला निघाली की ही फुलं उमलतात. दुपार कलली की मिटतात. ढगाळ दिवशी तर रजाच टाकतात.

अम्मीने ती पत्र्याच्या डब्यांत लावली होती. अम्मी गेली, आणि मी सकाळ-संध्याकाळ त्या डब्यांना पाणी घालत राहिलो. पंधरा दिवसांत देठ काळे पडले, सगळं सडलं. हे घोळीच्या भाजीचं भावंड; आपलं पाणी गुबगुबीत पानांत साठवून ठेवतं. त्याला हवं ते ऊन. माझ्या मायेनंच ते मेलं.

शेजारच्या काकूंनी आपल्या कुंडीतल्या चार काड्या खुडून दिल्या. म्हणाल्या, ‘‘तुमच्या अम्मीनंच दिलेलं रोप आहे हे.’’

मी डब्यांची बुजलेली भोकं मोकळी केली, मातीत वाळू मिसळली, बोटभर काड्या खोचल्या. आता माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालत नाही. पावसाळ्यात डबे छपराखाली, उजेडात ठेवतो. वाढलेले शेंडे खुडतो. पण टाकत नाही. दारी येईल त्याच्या हातावर ठेवतो.