साधन आणि त्याचे वर्णन
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या शाळेच्या बाकांवर मी बसलो, तिच्याच व्यासपीठावर उभे राहताना मन भरून येते. परंतु आभाराचे शब्द आवरते घेऊन मी कामाच्या गोष्टीकडे वळतो. माझा व्यवसाय सॉफ्टवेअर लिहिण्याचा. त्यात माझ्या हातून झालेली एक चूक मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. कारण यशाच्या गोष्टींपेक्षा तिच्यातून शिकण्यासारखे अधिक आहे.

एका शिक्षणसंस्थेला शिष्यवृत्तीसाठी यादी हवी होती. अट अशी की, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असावे. अर्जांच्या नोंदी काढून देणारे एक लहानसे साधन मी तयार केले आणि ते ए. आय. एजंटच्या हाती सोपवले. आपण साध्या भाषेत काम सांगावे आणि त्याने जवळच्या साधनांतून योग्य ते निवडून काम पुरे करावे, अशा संगणकीय मदतनिसाला एजंट म्हणतात. माझ्या साधनाचे वर्णन एका ओळीचे होते: 'विद्यार्थ्याची माहिती देते.' एका रकान्याचे नाव होते 'उत्पन्न'. ते वर्षाचे आहे हे मला ठाऊक होते, म्हणून लिहिण्याची गरज वाटली नाही. एजंटने ते महिन्याचे समजून बाराने गुणले. वर्षाला ६०,००० रुपये मिळवणारे घर ७,२०,००० रुपयांचे धनी झाले आणि यादीतून गळाले!

यादी आखूड होती. पण अर्जच कमी आले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. तेथील जुन्या कारकुनांनी मात्र ती पाहताच विचारले, "रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची मुलगी यात नाही, मग ही शिष्यवृत्ती आहे तरी कुणासाठी?" त्यांच्या त्या एका प्रश्नाने किती तरी मुलांचे वर्ष वाचले.

दोष कुणाचा? नव्या कारकुनाला शंका आली तर तो शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंटपुढे बहुधा लिहिलेले तेवढेच असते, आणि जे लिहिलेले नाही ते तो अंदाजाने भरून काढतो. रिकामी जागा मी सोडली होती. पुढे मी एकच वाक्य जोडले: 'उत्पन्न म्हणजे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न, रुपयांत.' सॉफ्टवेअरचा एक अक्षरही न बदलता यादी बरोबर आली.

अशी चूक मोठमोठ्यांनाही भोवली आहे. अमेरिकेच्या नासाचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान नऊ महिन्यांहून अधिक प्रवास करून मंगळाजवळ पोहोचले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. एका सॉफ्टवेअरने धक्क्याचे आकडे पौंडांच्या मापात दिले, दुसऱ्याने ते न्यूटनच्या मापात वाचले. फरक सुमारे साडेचार पटींचा. विशेष म्हणजे कोणते माप वापरायचे हे कागदोपत्री ठरलेले होते. ते पाळले गेले नाही. तेव्हा वर्णन लिहावे, आणि साधन त्याबरहुकूम चालते की नाही हेही तपासावे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची खुली पद्धत जाहीर केली. तिच्यात प्रत्येक साधनाबरोबर त्याचे नाव, वर्णन आणि त्याला कोणती माहिती द्यायची याचा आराखडा एजंटपुढे ठेवता येतो. चौकट तयार मिळाली, तरी आतले शब्द आपल्यालाच लिहायचे आहेत. ते कसे असावेत?

साधन काय करते हे सांगावेच, पण ते केव्हा वापरावे आणि केव्हा वापरू नये हेही सांगावे. 'माहिती आणा' आणि 'माहिती मिळवा' अशी दोन साधने शेजारी ठेवली तर माणूसही गोंधळेल. नावातच फरक दिसू द्या. प्रत्येक आकड्याचे माप लिहा. ०३-०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? तारखेचा क्रम लिहा आणि एक नमुना द्या. चूक झाल्यावर साधनाने नुसते 'चूक झाली' म्हणू नये. 'तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या' असे म्हणावे, म्हणजे ते वाचून एजंट स्वतःला सुधारू शकेल. नोंद पुसणाऱ्या साधनावर 'पुसलेले परत मिळत नाही' असे स्पष्ट लिहा. मात्र पाटी म्हणजे कुलूप नव्हे. अशा कामाला माणसाची संमती घेतल्याशिवाय साधन चालणारच नाही, अशी तजवीज सॉफ्टवेअरमध्येच हवी.

विद्यार्थी मित्रांनो, नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला. वारसाहक्काच्या वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी यांत लोकांना उपयोग व्हावा म्हणून त्यांनी गणिताच्या रीती पायरीपायरीने, चिन्हांवाचून, शब्दांत मांडल्या. 'अल्गोरिदम' हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. संगणकाच्या विद्येतला हा शब्द अशा माणसाच्या नावावरून यावा, ज्याने दुसऱ्याला समजेल असे लिहिले, हे ध्यानात ठेवा.

पालकांना माझी विनंती आहे: संगणक शिकायचा म्हणून मुलाच्या निबंधाची वही बाजूला सारू नका. आणि मुलांनो, आज घरी गेल्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा हे आपल्या भाषेत लिहून काढा आणि तो कागद धाकट्या भावंडाच्या हाती द्या. तोंडाने काही सांगू नका. ते जेथे अडेल, तेथे तुमचे लिहिणे अपुरे आहे. ती ओळ पुन्हा लिहा. या विद्येचा हा पहिला धडा आहे, आणि त्याला संगणकही लागत नाही.