श्वास मोजा, मग यंत्र लिहा

छातीरोगतज्ज्ञ मित्रमैत्रिणींनो,

करवीरच्या या उसाच्या मुलखात सीओपीडीचा रुग्ण विडी ओढणाराच असतो असं नाही. तो गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं सारणारा असतो, किंवा विडीला कधी हात न लावलेली, जन्मभर चुलीपुढे बसलेली आजी असते.

या आजीला आपण स्पायरोमीटरवर फुंकायला लावतो, एफईव्ही-वन पाहतो आणि रोटाकॅप लिहून देतो. म्हणजे मोजतो बाहेर सोडलेला श्वास, आणि औषध मात्र आत ओढायला सांगतो! एफईव्ही-वनवरून आत ओढण्याच्या ताकदीचा अंदाज धड बांधता येत नाही. हवा कोंडून छाती फुगलेली, श्वासपटल सपाट झालेलं, त्यात वय आणि ठेंगणी चण, यांनी ती आधीच कमी झालेली असते. दम उसळला की उरलीसुरली ताकदही घटते. रोटाकॅपच्या पावडर-यंत्राला तर स्वतःचं बळच नसतं. लॅक्टोजला चिकटलेलं औषध सुटून त्याचे पाच मायक्रॉनखालचे कण व्हायचे, तर रुग्णानेच जोर लावायला हवा: बहुतेक यंत्रांना मिनिटाला ३० लिटर तरी, शक्यतो ६०. तेवढं जमलं नाही की औषध घशातच बसतं. आजी म्हणते गुण नाही, आणि आपण डोस वाढवतो.

१९५६ साली बाजारात आलेला पंप औषध स्वतःच्या दाबाने फवारतो. त्याला सावकाश, खोल श्वास पुरतो. हात आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर आहे, अगदीच त्राण नसेल तर नेब्युलायझर.

रोटाकॅप स्वस्त पडते हे मला मान्य आहे. आपल्याकडे रुग्णाचा खिसा पाहूनच लिहावं लागतं. पण घशात बसलेलं स्वस्त औषध महागच पडतं. पावडरच्या यंत्राइतका अवरोध लावून आत ओढलेला श्वास मोजणारं हातात मावेल एवढं मीटर मिळतं. ओपीडीत ते वापरायला फार वेळ लागत नाही.

तसं मीटर सभागृहाबाहेरच्या टेबलावर ठेवलं आहे. चहाच्या सुट्टीत प्रत्येकाने अवरोध वाढवत वाढवत ओढून पाहावं. आकडा कितीही कमी आला तरी दुपारी तांबडा-पांढरा रस्सा सर्वांना मिळेल, याची हमी स्वागत समिती घेते.